पावसाळ्यात जलरंगांचा सराव कसा टिकवावा?

प्रश्न : सागरकाठ, रत्नागिरी
दिवाळीपासून मी रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी जलरंगांत छोटी निसर्गचित्रे करत आलो आहे. परंतु जून लागल्यापासून आकाशाचा पहिला वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) वाळण्यातच सारा वेळ जातो आणि घाईने दुसरा थर दिला की वेड्यावाकड्या कडांचे डाग उमटतात. पावसाळाभर सराव थांबवण्याची माझी इच्छा नाही. दमट हवेत काम करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : जलरेषा
सराव थांबवू नका, फक्त कामाची पद्धत ऋतूप्रमाणे बदला. एप्रिल-मे महिन्यांत जो वॉश पुरा होण्याआधीच वाळू लागतो, तोच आता बराच वेळ ओला राहतो. त्यामुळे ढगांच्या मऊ कडा आणि धुक्यातले डोंगर ओल्या कागदावर ओला रंग सोडत रंगवायला शिकण्याचा हाच खरा काळ आहे, असे माझे ठाम मत आहे. कागद तिरका धरून पाहा. पृष्ठभागावर चकाकी असेतोवर रंग सोडता येतो. चकाकी गेली, पण हाताच्या मागच्या बाजूला कागद अजून गार लागतो, अशा वेळी भरलेला ब्रश अजिबात टेकवू नये, कारण त्यातले जास्तीचे पाणी अर्धवट वाळलेल्या थरातील रंगकण बाहेर ढकलते आणि तुम्ही म्हणता ते डाग तयार होतात. पोस्टकार्डाएवढी दोन-तीन चित्रे एकदम चालू ठेवावीत : आज एकावर पहिला वॉश द्यावा आणि कालच्या वाळलेल्या चित्रावर दुसरा थर चढवावा. मग वाळण्याची वाट पाहत बसावे लागत नाही.

उत्तर : कागदवेडी
कागद कोणता वापरता, हे तुम्ही लिहिलेले नाही. शक्य असल्यास ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), कापसाच्या लगद्याचा कागद घ्यावा. पातळ कागद फुगून त्याच्या खळग्यांत पाणी साचते. कागदाला जिलेटिनसारख्या द्रव्याची खळ दिलेली असते आणि दमट हवेत तिला बुरशी लागली की त्या जागी रंग टीपकागदावर पडावा तसा शोषला जातो. म्हणून कोरे कागद ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. पॅलेट मात्र ओले असताना बंद करू नये.

उत्तर : करडी छटा
रोज नवा विषय शोधण्यात उत्साह संपतो, म्हणून विषय आणि रंग दोन्ही मर्यादित ठेवावेत. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथल्या कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. प्रहर आणि ऋतू बदलला की तीच जागा त्यांना नवे चित्र देत असे. तुम्हीही मांडवीच्या किनाऱ्याचा एकच कोपरा निवडावा. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) या दोन रंगांच्या मिश्रणातून पावसाळी आभाळाचे बहुतेक करडे रंग मिळतात : निळा वाढवला की थंड, तांबूस वाढवला की उबदार. चित्राच्या मागे तारीख, वेळ आणि वॉश वाळायला लागलेला अवधी लिहून ठेवावा, म्हणजे कोणत्या हवेत किती पाणी घ्यायचे, याचा अंदाज श्रावणापर्यंत येऊ लागेल.