ओहतानी की जज? आणि एका फटक्यावरून खेळाडू मोजायचा का?

डावखुरा (धागाकर्ता):
2025 ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) संपली आणि परत तीच टेप सुरू झाली. डॉजर्सचा ओहतानी (पिचिंगही करतो, बॅटिंगही) एक नंबर, बाकीचे सगळे त्याच्यापुढे पाणी कम. मला हे मान्य नाही. नुसत्या बॅटिंगचं बोलायचं तर आज यँकीजच्या ॲरन जजच्या जवळपासही कुणी नाही. 2025 मध्ये त्याची सरासरी .331 (हजार प्रयत्नांत 331 यशस्वी फटके), अख्ख्या लीगमध्ये पहिली, वर 53 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे). ओहतानीचे होमरन 55, पण सरासरी .282. इतके लांब फटके मारणारा माणूस सरासरीतही पहिला येतो, तेही बुलपेनमधून (राखीव पिचर बसतात तिथून) उठून कुणीही शंभर मैलांनी चेंडू टाकतो अशा काळात! 2022 चे 62 होमरन तर सोडूनच देतो.

पण जजचं नाव काढलं की लोक लगेच 2024 च्या वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यातला तो सुटलेला झेल काढतात. यँकीज 5-0 ने पुढे होते, पाचव्या इनिंगमध्ये जजने सरळ हातात आलेला चेंडू सोडला, हे खरंच. पण त्याच इनिंगमध्ये व्होल्पीचा थ्रो चुकला आणि डॉजर्सच्या बेट्सच्या साध्या ग्राउंडरवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) पिचर गेरिट कोल पहिल्या बेसकडे धावलाच नाही. पाच रन गेले ते तिघांमुळे. शिव्या एकट्याला.

उलटंही बघा. 2025 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात आणखी दोन आउट गेले की डॉजर्स हरणार होते, तेव्हा बरोबरीचा होमरन कुणाचा? मिगेल रोहासचा. छत्तिशीचा माणूस, संघात आहे तो फिल्डिंगसाठी. मग आजपासून रोहास सर्वोत्तम का?

सातवी_इनिंग:
साफ असहमत. रोहासचा फटका एक, ओहतानीचे असे किती मोजायचे? 17 ऑक्टोबर 2025, ब्रुअर्सविरुद्ध. पहिल्या इनिंगला माउंडवर (चेंडू टाकायच्या जागी) उभा राहून तिघांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, परत येऊन हेल्मेट घातलं आणि पहिलाच बॅटर म्हणून होमरन मारला. दुसरा होमरन तर उजवीकडच्या स्टँडच्या छपरावरून बाहेर. दिवसअखेर तीन होमरन, दहा स्ट्राइकआउट, ब्रुअर्सना त्याच्याविरुद्ध एकही रन नाही. एका माणसाने एका सामन्यात याहून जास्त काही केल्याचं दाखवा, मी धागा सोडून जातो.

आणि तो वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना! इथे पुण्यात पहाटे साडेपाचला लावला, संपला तेव्हा दुपारची जेवणं व्हायची वेळ. अठरा इनिंग (नेहमीच्या दुप्पट). ओहतानी नऊ वेळा बेसवर. दोन होमरन आणि दोन डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) खाल्ल्यावर टोरंटोने त्याला चेंडू टाकणंच बंद केलं, मुद्दाम वॉक (फुकटचा पहिला बेस) देत बसले. समोरच्या संघाची एवढी टरकते, याहून मोठा आकडा कोणता?

न्यूजर्सीकर:
@सातवी_इनिंग, सामना भारीच होता, वाद नाही. पण 2024 मध्ये काय? कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे त्याने वर्षभर एक चेंडू टाकला नाही, फिल्डिंग नाही, फक्त बॅटिंग. तरी त्याच्या लीगचा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू). जज त्या वर्षी सेंटर फील्डमध्ये पळून वर 58 होमरन मारत होता.

आणि "ऑक्टोबरमध्ये (म्हणजे प्लेऑफमध्ये, बाद फेरीत) जज गळपटतो" हे आता बंद करा. 2025 मध्ये टोरंटोविरुद्ध 6-1 ने मागे होते, मग 6-3 झालं. शंभर मैलांचा चेंडू, तोही अंगावर येणारा. कुणीही सोडला असता किंवा फाउल मारला असता. याने तो डाव्या फाउल पोलवर आदळवला, तीन रन, बरोबरी. सामना जिंकले, सिरीज हरले. म्हणून त्या फटक्याचं कुणाला काही नाही.

सातवी_इनिंग:
2024 मध्ये "फक्त बॅटिंग" म्हणजे 54 होमरन आणि 59 स्टील (चोरलेले बेस), बरं का. 50-50 आजवर दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही.

सिॲटलकरीण:
तुम्हा दोघांच्या भांडणात आमचा सिॲटल मरिनर्सचा कॅल रॅली कुणालाच दिसत नाही. कॅचर आहे तो! रोज तीन तास उकिडवं बसायचं, अंगावर फाउल झेलायचे, पिचरची डोकी सांभाळायची, आणि त्यातून 2025 मध्ये 60 होमरन. कॅचरचा आधीचा विक्रम 48 होता. एमव्हीपीच्या मतदानात पहिल्या पसंतीची मतं जजला 17, रॅलीला 13. त्यातून टोरंटोच्या स्प्रिंगरने लीगच्या फायनलच्या सातव्या सामन्यात तो तीन रनांचा होमरन मारला नसता तर आम्ही आयुष्यात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज बघितली असती. जखम ताजी आहे, जपून बोला.

जुना_स्कोअरर:
धागाकर्त्याचा मुद्दा इतिहासाला धरून आहे. 1960 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये होमरन मारून यँकीजना हरवणारा मॅझरॉस्की मुळात सेकंड बेसवरच्या हातांसाठी प्रसिद्ध. क्षण कुणाकडेही येतो.

आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठा क्षण चषकाचा नाहीच. 8 एप्रिल 1974, अटलांटा, हँक ॲरनचा 715 वा होमरन. आदला मोसम 713 वर संपला होता, म्हणजे अख्खा हिवाळा हा माणूस जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं घेऊन बसला होता, कारण एक काळा माणूस बेब रूथच्या 714 होमरनच्या विक्रमाला मागे टाकणार होता. होमरन बसला आणि तो बेसवरून धावत असताना दोन पोरं मैदानात घुसून त्याच्या बाजूला आली. पाठ थोपटायला आली होती, पण ते त्याला काय माहीत! होम प्लेटवर आईने मिठी मारली. पुढे बाँड्सने 762 केले. आकडा मोठा, पण स्टिरॉइडच्या संशयामुळे हॉल ऑफ फेमचं दार अजून बंद. सांगा आता, आकडा मोठा की क्षण?

खडूस:
ॲरनबद्दल +१. पण आजच्या काळातला क्षण एकच: 21 मार्च 2023, मायामी, वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची फायनल. जपान 3-2, शेवटची इनिंग, दोन आउट, काउंट पूर्ण भरलेला (तीन बॉल, दोन स्ट्राइक), ओहतानी टाकतोय आणि समोर माइक ट्राउट, एंजल्समधला त्याचाच सहकारी. स्लायडर (वळणारा चेंडू), स्विंग, खलास.

डावखुरा:
@खडूस, माझंच काम केलंत. हे दोघं एंजल्समध्ये 2018 ते 2023 एकत्र होते आणि त्या सहा मोसमांत एंजल्सने एकदाही प्लेऑफ बघितली नाही. तेव्हा ओहतानी लहान खेळाडू होता का? खेळ तोच, संघ बदलला, आणि क्षण धडाधड मिळायला लागले. डॉजर्सचा पिचर यामामोतो नसता तर 2025 चा चषकही नव्हता. सहाव्या सामन्यात 96 चेंडू टाकून दुसऱ्या दिवशी परत माउंडवर आला. त्याच सातव्या सामन्यात ओहतानीने टोरंटोच्या बिशेटकडून तीन रनांचा होमरन खाल्ला होता. जजने खाल्ला असता, म्हणजे तशी चूक केली असती, तर दहा वर्षं ऐकवलं असतंत.

सातवी_इनिंग:
जज माउंडवर उभाच राहत नाही, म्हणून खात नाही. माझा मुद्दा तोच आहे साहेब.

खडूस:
ते सगळं ठीक. यँकीजवाल्यांनी एवढंच सांगावं: 2009 नंतर किती चषक?

न्यूजर्सीकर:
शून्य. जज आला 2016 ला. त्याआधीची वर्षंही त्याच्याच खात्यावर टाकायची का?