मिक्सर बंद पडलाय, दुरुस्त करू का नवीन घेऊ?

बी-१०४:
नमस्कार सगळ्यांना 🙏 सासूबाईंचा मिक्सर कालपासून नीट चालत नाहीये, चालू केला की आवाज येतो पण भांड्यातलं काही हलत नाही. कुणी चांगला रिपेअरवाला माहितीये का, का नवीनच मागवू? ऑनलाइन सेल आज रात्रीपर्यंतच आहे.

सी-३०२:
नवीन घ्या वहिनी, रिपेअरला दोन चकरा होतात आणि महिन्याभरात परत तेच

ए-२०३ काकू:
अगं थांब, आज लगेच ऑर्डर करू नकोस. आधी भांडं बाजूला काढ आणि नुसता मिक्सर एक सेकंद चालू करून बघ. खालचं काळं दातेरी चाक फिरलं तर मोटर चांगली आहे, त्या चाकाचे नाहीतर भांड्याच्या बुडाचे दाते झिजले असतील, त्याला कपलर म्हणतात. मग प्लग काढ आणि भांडं उलटं करून बुडाची चकती हाताने फिरव, ती घट्ट बसली असेल तर भांड्याचा बूश, म्हणजे पात्याची दांडी ज्यात फिरते तो भाग, जाम झालाय, तेवढं भांडंच घेऊन जायचं. आणि कधी आवाजच आला नाही तर मिक्सरच्या खाली लाल बटण असतं ते बघायचं, लोड आला की ते बाहेर येतं, जरा थंड होऊ दिलं आणि दाबलं की परत चालू. लोक त्या बटणापायी मिक्सर भंगारात देतात गं, मला फार वाईट वाटतं.

आमचा १९९७ चा आहे, मुलगा पाचवीत होता तेव्हा घेतलेला. मागच्या महिन्यात ओल्या खोबऱ्याची चटणी करताना असंच झालं, मोटर फिरतीये आणि पातं जागेवर. मुलाला फोन केला तर म्हणाला आई आता तो टाक, मी इथून नवीन पाठवतो. पण यांनी कापडी पिशवीत घातला आणि आम्ही दोघं रिक्षाने रविवार कारंज्याला गेलो, तिथे आतल्या गल्लीत एकजण बसतात, त्यांनी मिक्सर आडवा धरला, पकडीने ते चाक सोडवलं (उलट्या आट्याचं असतं, म्हणून घरी जोर लावत बसू नकोस) आणि जुनं चाक माझ्या हातावर ठेवलं. दाते पार वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले होते. नवीन बसवून दिलं, एकशे वीस रुपये, पाच मिनिटं पण लागली नाहीत.

आता नवीन का नको ते सांगते. मागच्या दिवाळीला मुलाने एक पाठवला होता, दिसायला सुंदर, पण त्याची बटणं सपाट आणि त्यावरची अक्षरं चष्म्याशिवाय दिसत नाहीत, झाकणाला दोन क्लिपा आहेत त्या माझ्या अंगठ्याने उघडत नाहीत, संधिवात आहे ना. जुन्याचं बटण टक टक करत फिरतं, एक दोन तीन, मला बघावंसुद्धा लागत नाही. सासूबाईंना विचार, त्यांच्या हाताला कुठला सवयीचा आहे ते, आणि मगच ठरव.

सी-३०२:
काकू मिक्सरचं पटलं. पण पंख्यांचं काय, तुमच्याकडे अजून जुने जाड पंखे आहेत ना? ते ७५ वॉट खातात, नवीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनला स्टार लेबल पण कंपल्सरी झालंय, त्यावर बघून घेता येतो

ए-२०३ काकू:
बेडरूमचा बदलला रे बाळा, मार्चमध्येच. पण बिलासाठी नाही खरं सांगायचं तर. आपल्या नाशिकला रात्री गरम होतं म्हणून पंखा फुल ठेवायचा आणि पहाटे तीन साडेतीनला गार वाजायला लागतं, मग यांना दुखऱ्या गुडघ्याने उठून भिंतीपर्यंत रेग्युलेटरला जावं लागायचं, एकदा अंधारात स्टुलाला अडकून पडता पडता वाचले. आता रिमोट उशाशी असतो. वायरमनने जुना रेग्युलेटर काढून साधा स्विच ठेवला, या पंख्याला तो रेग्युलेटर चालत नाही म्हणे. हॉलमधला मात्र जुनाच ठेवलाय, तो हळू फिरायला लागला होता, २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलला आणि पूर्वीसारखा पळतोय. तो दिवसाला दोन तीन तासच लागतो, बदलून किती वाचणार.

ए-२०३ काका:
सर्वांना नमस्कार. ही लिहिते ते बरोबर आहे परंतु एक गोष्ट स्पष्ट सांगतो, पाणी-वीज आणि गॅस यात जुनं चालवत बसू नये. आमचा गीझर मागच्या हिवाळ्यात तीनदा दुरुस्त केला. प्रथम कॉइल बदलली, नंतर थर्मोस्टॅट, नंतर परत कॉइल, प्रत्येक वेळी मेकॅनिक म्हणायचा आता दोन वर्षं बघायला नको. बोअरच्या पाण्याने कॉइलवर बोटभर पांढरा थर बसला होता. त्यानंतर एका सकाळी ही अंघोळीला गेली आणि नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या असं बाहेर येऊन म्हणाली. मी मेन स्विच बंद केला आणि त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही. इलेक्ट्रिशियनने बघितलं तर टाकी आतून गळत होती आणि बाथरूमच्या पॉइंटला अर्थिंगच लागत नव्हतं. टाकी गळली की दुरुस्ती नाही. त्याच आठवड्यात नवीन गीझर, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवून घेतली. आपल्या इमारतीत जुनं वायरिंग असलेल्यांनी, विशेषतः जिथे दोघंच म्हातारे राहतात त्यांनी, हे आधी करावं. आणि शेगडीमागच्या गॅस नळीवर तारीख असते ती आज बघा, पाच वर्षं झाली असतील तर नळी चांगली दिसली तरी बदला.

डी-५०१ आजी:
काका, मी आत्ता बघितलं. आमची नळी २०१८ ची निघाली. संध्याकाळी मुलगा आला की बदलून घेते. बरं झालं सांगितलंत

बी-१०४:
काकू!! चाक फिरतंय, दातेच झिजलेत 😊 सेलचं बंद केलं. पण सासूबाई म्हणतायत जुन्या वस्तूंचे पार्ट आता मिळतच नाहीत

ए-२०३ काकू:
मिक्सरचे मिळतात गं. कुकरची रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह पण मिळतात, फक्त त्याच कंपनीचे आणि त्याच लिटरचे घ्यायचे, जुनी रिंग बरोबर घेऊन जायची. माझ्या आईचं पितळी पातेलं पण मी सोडलेलं नाही, कल्हई उडाली की भांडी बाजाराकडे देऊन येते. कल्हईशिवाय त्यात आंबट काही करू नये म्हणून वेळेवर करावी लागते, पण आमटी त्यातलीच यांना लागते.

वॉशिंग मशीनचं मात्र मनाला लागलं. सर्व्हिसवाला आला, झाकणसुद्धा उघडलं नाही आणि म्हणाला आजी पार्ट बंद झाला, एक्स्चेंजमध्ये द्या. आम्ही दोघंच घरात, त्याला वाटलं असेल यांना काय कळतंय. यांनी शांतपणे सांगितलं की तपासून काय खराब आहे ते कागदावर लिहून द्या. त्याने उघडलं, तर पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपात यांच्या खिशातलं नाणं आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट अडकलं होतं. म्हणून सांगते, लिहून मागा. आपल्या वयाच्या माणसांनी तर नक्की मागा, आणि कुणी एकटं असेल तर मेकॅनिक येणार त्या वेळी मला हाक मारा, मी येऊन बसते.

सेक्रेटरी:
काकू चांगलं सांगितलंत. तक्रार करायची झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. केंद्राचं राइट टू रिपेअर पोर्टलही डिसेंबर २०२२ पासून आहे, त्यावर बऱ्याच कंपन्यांची सर्व्हिस आणि पार्टची माहिती मिळते. आणि काका, तुमचा जुना गीझर अजून जिन्याखाली आहे 🙏

ए-२०३ काका:
हो साहेब, क्षमस्व. भंगारवाल्याला दिला नाही कारण तो तिथेच फोडतो. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाला फोन झालाय. अजून कुणाचं काही असेल तर एकदमच बोलावू. वरच्या मजल्यावरच्या ज्येष्ठांचं सामान खाली आणायला सी विंगमधली मुलं येतील का?

सी-३०२:
हो काका, मी आणि वरचे दोघं येतो. रविवारी सकाळी चालेल

ए-२०३ काकू:
देव भलं करो तुमचं. पोहे करून ठेवते. आणि मी बुधवारी अकराला रविवार कारंज्याला जातीये, ज्यांचं मिक्सरचं भांडं, कुकरची रिंग असं काही असेल त्यांनी मंगळवारी संध्याकाळपर्यंत वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा, फ्लॅट नंबरची चिठ्ठी लावून. बी-१०४, तू मिक्सर आणि भांडं दोन्ही दे, नुसतं भांडं नको, चाकाचे दाते त्यांना जुळवून बघावे लागतात. आणि सासूबाईंना म्हणावं पाटा असेल तर तोवर त्यावर वाटून द्या, मला पण वाटीभर चटणी पाठवा.