कार्यालयातील संगणकावरून सत्तरेक सेविकांना एसएमएस पाठवण्याचा परवडणारा मार्ग कोणता?

रुग्णसेवा_दादर

नमस्कार. दादर पश्चिमेला आमचा रुग्णसेविका पुरवणारा ब्युरो आहे. आमच्याकडे ७२ बायका काम करतात आणि त्यांतील बहुतेक जणी बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरार इथून रोज येतात. रात्री उशिरा एखाद्या पेशंटला रुग्णालयात हलवले की सकाळची ड्युटी बदलते, आणि तो निरोप पहाटे साडेचारच्या आत पोहोचवावा लागतो, कारण त्यानंतर लांबून येणाऱ्या सेविका घराबाहेर पडलेल्या असतात. सध्या मी मोबाइलवर एकेकीला निरोप टाइप करते. गेल्या पावसाळ्यात शीव-कुर्ल्याच्या दरम्यान रुळांवर पाणी आले त्या दिवशी माझ्याकडून नऊ जणी राहून गेल्या, आणि त्यांतल्या एक मावशी दोन तास ठाण्याच्या फलाटावर उभ्या होत्या. ते मला अजून लागून राहिले आहे.

निम्म्याहून अधिक जणींकडे बटणांचे फोन आहेत. कार्यालयात विंडोजचा संगणक आहे आणि सर्वांची नावे व नंबर एक्सेलमध्ये आहेत. महिन्याला हजार रुपयांपर्यंत खर्च झेपेल. कोणी असे काही वापरत असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

छापखाना_परळ

आमच्या छापखान्यात वीस कामगार आहेत आणि आम्ही गूगल मेसेजेसची वेब आवृत्ती वापरतो. ही सोय २०१८ पासून आहे. संगणकावर दिसणारा क्यूआर कोड अँड्रॉइड फोनने स्कॅन केला की फोनमधले एसएमएस पडद्यावर येतात आणि कीबोर्डवरून लिहिता येतात. निरोप आपल्याच सिमवरून जात असल्यामुळे निराळा खर्च पडत नाही, कामगारांना ओळखीचा नंबर दिसतो आणि ते त्यावरच उत्तर देतात. फोन मात्र चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागतो.

एकाच वेळी अनेकांना पाठवण्याआधी सेटिंगमध्ये ग्रुप मेसेजचा पर्याय ‘प्रत्येकाला स्वतंत्र एसएमएस’ असा करून ठेवावा. एरवी तो निरोप एमएमएस म्हणून निघतो आणि बटणांच्या फोनवर पोहोचेलच याची खात्री नसते.

तुमच्या बाबतीत अडचण संख्येची आहे. बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात. ७२ जणींना एकदा निरोप गेला की २८ उरतात, म्हणजे त्याच दिवशी पुन्हा बदल झाला तर दुसरी फेरी पूर्ण होणार नाही.

रक्षकसेवा_अंधेरी

ताई, तुमची पहाटेची निकड मी समजू शकतो, कारण आम्ही सुरक्षारक्षक पुरवतो आणि आमचीही पहिली पाळी सहाला लागते. आम्ही दोन वर्षे सिमवरून काम भागवले आणि मग बल्क एसएमएसकडे, म्हणजे सेवा कंपनीमार्फत सगळ्यांना एकगठ्ठा निरोप पाठवण्याकडे वळलो.

त्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी नोंदणी, म्हणजे असे एसएमएस पाठवणाऱ्या संस्थेची आणि तिच्या मजकुराची नोंदणी करावी लागते. व्यवसायाचे पॅन, जीएसटी किंवा तत्सम कागद आणि अधिकारपत्र देऊन कोणत्याही एका दूरसंचार कंपनीच्या पोर्टलवर संस्था नोंदवायची, सहा अक्षरांचे हेडर (नंबराऐवजी दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव) मंजूर करून घ्यायचे आणि निरोपाचा मजकूर टेम्प्लेट म्हणून आधीच नोंदवायचा, असा क्रम आहे. टेम्प्लेटमध्ये ठिकाण, तारीख आणि वेळ यांच्यासाठी रिकाम्या जागा ठेवता येतात. बाकीचा मजकूर मंजूर झाला तसाच जावा लागतो, एखादा शब्द बदलला तरी निरोप अडवला जातो. म्हणून आधी गेल्या सहा महिन्यांतले आपले सगळे निरोप चाळावेत आणि त्यांतून चार-पाच साचे काढावेत. आमच्याकडे ‘ड्युटी बदलली’, ‘ड्युटी रद्द’, ‘आज निघू नका, फोनची वाट पाहा’ आणि ‘पगार जमा झाला’ एवढ्या चारांवर जवळपास सगळे भागते.

नोंदणीला आम्हाला करासह ५,९०० रुपये पडले आणि एसएमएस साधारण २० पैशांना पडतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. बहात्तर जणींना रोज एक याप्रमाणे महिन्याचे २,१६० एसएमएस होतात, म्हणजे करासह सुमारे ५१० रुपये. एक्सेलची फाइल चढवली की काही मिनिटांत सर्वांना निरोप जातो आणि कोणाला पोहोचला, कोणाला नाही, याची यादी नंबरनिहाय मिळते. तुमच्या नऊ जणी अशा यादीत लगेच दिसल्या असत्या.

आमच्याकडून झालेली चूक सांगतो. ज्या एजंटाने नोंदणी करून दिली त्याने आमचे साचे प्रमोशनल वर्गात टाकले. जाहिरातींचे एसएमएस फक्त सकाळी १० ते रात्री ९ या वेळेत जातात आणि डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) घेतलेल्यांना जात नाहीत. त्यामुळे पहाटेचा आमचा पहिलाच निरोप अडकला आणि दोन इमारतींच्या फाटकावर माणूस नव्हता. कर्मचाऱ्यांचे निरोप ‘सर्व्हिस इम्प्लिसिट’ या, जाहिरात नसलेल्या कामाच्या निरोपांच्या वर्गात नोंदवून घ्या आणि ते स्वतः पोर्टलवर उघडून पाहा.

रुग्णसेवा_दादर

मनापासून आभार. आमचे निरोप मराठीतच असतात, कारण अनेक जणींना इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत. मराठीमुळे खर्च वाढतो का?

रक्षकसेवा_अंधेरी

वाढू शकतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०, आणि त्यापुढे गेले की प्रत्येक तुकड्यात ६७. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘उद्या’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसला तरी मोजणीत पाचाचा भरतो. “उद्या सकाळची ड्युटी दादरऐवजी माटुंग्याला आहे. सात वाजता पोहोचा.” हा निरोप ६३ मध्ये बसतो. त्याच्याआधी “नमस्कार ताई, ” लावले की तो ७६ होतो आणि दोन एसएमएसचे पैसे लागतात. तरीही मराठी सोडू नका. निरोप वाचताच आला नाही, तर वाचवलेले वीस पैसे काय कामाचे? साचे आखडते घ्या.

आणखी एक: हेडरवरून आलेल्या एसएमएसला उत्तर देता येत नाही. आम्ही रक्षकांना सांगून ठेवले आहे की निरोप वाचला की कार्यालयाच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. पाच वाजेपर्यंत ज्यांचा मिस्ड कॉल आला नाही तेवढ्यांनाच आमचा माणूस फोन लावतो.

कॅटरिंग_गिरगाव

ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहेत त्यांच्यासाठी व्हॉट्सॲप फुकट आहे, पण ग्रुप करू नये असे मला वाटते, कारण त्यात प्रत्येकीचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो आणि बायकांच्या बाबतीत ते बरे नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एकीला दुसरीचा नंबर दिसत नाही. मात्र तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह असेल तरच निरोप पोहोचतो. फुकट एसएमएसचे आमिष दाखवणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर मात्र ही यादी कधीही चढवू नका.

रुग्णसेवा_दादर

नोंदणीचे कागद उद्यापासून जमवते. ती होईपर्यंत परळच्या पद्धतीने काम चालवीन आणि दुसरी फेरी लागलीच तर कार्यालयातल्या दुसऱ्या सिमवरून पाठवीन. मिस्ड कॉलचे सर्व जणींना आजच सांगते, ते त्यांना लगेच जमेल.

छापखाना_परळ

पगाराच्या दिवशी सगळ्या जणी कार्यालयात येतील, तेव्हा प्रत्येकीचा बटणांचा फोन हातात घेऊन इनबॉक्स तेवढा पाहून घ्या. आमच्या एका कामगाराला महिनाभर एकही निरोप मिळत नव्हता. फोन उघडून पाहिला तर जुन्या जाहिरातींनी मेमरी भरलेली होती आणि नवा एसएमएस घ्यायला त्यात जागाच नव्हती.