बागेतला पालापाचोळा बागेतच ठेवायचा आहे, कसं करावं? (माटुंगा-वडाळा)

कट्टेकर

नमस्कार मंडळी. पाच उद्यानांपासून चालत दहा मिनिटांवर पालिकेची एक छोटी बाग आहे. अकरा रेन ट्री, चार सोनमोहर, दोन देशी बदाम आणि कोपऱ्यात एक वड. बाग लहान, पण आमच्या गल्लीचा अर्धा दिवस तिथेच जातो. पहाटे चालणारे, सात वाजता योगासनांचा महिला गट, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट, दिवेलागणीला कट्ट्यावर आजी-आजोबा. ही बाग आम्हाला जिवापाड प्रिय आहे आणि तिच्यासाठी हातानं काही करावं असं आठ-दहा जणांनी ठरवलं आहे.

जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत रोज आठ-दहा पोती पाला निघतो आणि सगळा कचऱ्याच्या गाडीतून जातो. मग जूनमध्ये झाडांसाठी बाहेरून खत येतं. हा पाला इथेच जिरवायचा आहे. खड्डा करावा की जाळीचा पिंजरा? परवानगी कुणाची? वास, उंदीर, साप या हरकती लगेच येणार, त्यांना काय सांगायचं? आणि झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक भिडले आहेत, ते काढता येतील का?

पत्तीखत

खड्डा अजिबात नको. माटुंगा, दादर, हिंदमाता हा पट्टा सखल आहे. पहिल्या मोठ्या पावसात खड्ड्यात पाणी साठतं, हवा संपते आणि पाला कुजण्याऐवजी सडतो. जमिनीवर उभा जाळीचा पिंजराच करा.

चार फूट उंचीची, एक इंच भोकांची वेल्डमेश जाळी दहा फूट लांब कापून घ्या. गोल वळवून टोकं सहा-सात इंच एकमेकांवर आणून तारेनं बांधली की साधारण तीन फूट व्यासाचा पिंजरा होतो. आधाराला बाहेरून तीन बांबू. पिंजरा मातीवर उभा करा, फरशीवर नाही. गांडुळं आणि बुरशी खालून वर येतात. तळाला अर्धा फूट काटक्या, म्हणजे हवा खेळते आणि जास्तीचं पाणी निथळतं. सुरुवातीला असे चार पिंजरे करा, रोजचा सगळा पाला त्यांत मावणार नाही. सुटा पाला टाकला तर एकात सात-आठ पोतीच मावतात, पण भिजवून तुडवला आणि तो खाली बसत गेला की पंधरा-वीस पोती सहज जातात.

भरताना एक फूट पाला टाकायचा, बादलीभर पाणी शिंपडायचं, पायानं दाबायचं. त्यावर शेणकाला: दोन किलो ताजं शेण दहा लिटर पाण्यात. जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांतून शेण आणणं जमत नसेल तर पाव किलो गूळ आणि लिटरभर आंबट ताक दहा लिटर पाण्यात कालवा. वर घमेलंभर माती किंवा जुनं खत. मग पुन्हा पाला. ही माती टाळू नका, जीवाणूंचं विरजण तेच आहे.

सुक्या पाल्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, म्हणून नुसता पाला वर्षभर तसाच पडून राहतो. हिरवळ कापली की ते गवत द्या, पण दोन इंचांहून जाड थर नको, त्याचा चिकट लगदा होतो आणि वास तिथूनच सुटतो. टपरीवरचा चहाचा चोथा धुऊन चालेल, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात. देवळातली फुलं दोरा आणि प्लास्टिक काढून चालतील. शिजवलेलं अन्न एक घासही नको. उंदीर पाल्याला येत नाहीत, अन्नाला येतात.

ओल बघायची ती मुठीनं. आतला पाला मुठीत दाबला की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त, हात कोरडाच राहिला तर कमी. चार-पाच दिवसांनी मधोमध लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर गरम लागली तर काम सुरू आहे. गार असेल तर एकतर कोरडं पडलंय किंवा नत्र कमी आहे. नाकाला झोंबणारा वास आला तर हिरवं जास्त झालंय, सुका पाला मिसळा. कुजका वास आला तर हवा नाही, लगेच उलथा.

उलथायला दर पंधरा दिवसांनी जाळी सोडून शेजारी उभी करायची आणि वरचं खाली, बाहेरचं आत अशी भरायची. रेन ट्री आणि सोनमोहराची पानं बारीक असतात, तीन महिन्यांत काळं भुसभुशीत खत होतं. फेब्रुवारीत भरलेला पिंजरा मेअखेर तयार, म्हणजे पावसाच्या तोंडावर. मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून आहे, त्याआधी चाळून पोत्यात भरा. जे अर्धवट राहील त्यावर ताडपत्री, बाजू मात्र उघड्या.

उलथताना इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर वेचून काढा. बऱ्याचदा त्या गेंड्या भुंग्याच्या असतात आणि हा भुंगा आसपासच्या नारळांचे शेंडे पोखरतो. अळ्या उघड्यावर ठेवा, कावळे लगेच संपवतात.

वडाळ्याची_पारंबी

खताचं वरती नेमकं आलंय. मी परवानगीचं आणि माणसांचं सांगते, कारण असे उपक्रम पाल्यामुळे बंद पडत नाहीत, माणसांमुळे पडतात.

पहिलं बोलणं बागेतल्या माळीदादांशी करा, अर्ज त्यानंतर. पाला झाडून गाडीत टाकणं हे त्यांचं ठरलेलं काम. तुम्ही अचानक पिंजरे उभे केलेत तर जाब त्यांनाच विचारला जाईल. बहुतेक बागांची देखभाल कंत्राटदाराकडे असते, म्हणून त्यांच्या मुकादमालाही विचारात घ्या. पाला पिंजऱ्यापाशी आणून ठेवणं एवढंच त्यांच्याकडे मागा, भरणं आणि उलथणं तुम्ही करा. त्यांचे कष्ट वाढत नाहीत हे दिसलं की तेच तुमचे सगळ्यात पक्के सोबती होतात.

मग वॉर्ड ऑफिसात उद्यान खात्याच्या सहायक उद्यान अधीक्षकांच्या नावे अर्ज. माटुंगा-वडाळा एफ उत्तर विभागात येतं. अर्ज एका पानाचा, मराठीत, दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: पिंजरे कुठे (हातानं काढलेला नकाशा पुरतो), त्यांचं माप, जबाबदार दोन व्यक्ती, आणि पालिकेकडून पैसे नको, खत याच बागेत वापरलं जाणार. पंधरा-वीस रहिवाशांच्या सह्या जोडा. योग गटाच्या आणि क्रिकेटवाल्या पोरांच्या पालकांच्या सह्या नक्की घ्या, कारण जागेवरून कुरबुर झाली तर याच दोन बाजूंनी होते.

जागा निवडताना खेळाच्या रेषेत नको, वारा जिथून बाकांकडे येतो त्या बाजूला नको, भिंतीलगत सावलीत हवी. बुंध्याला टेकून तर कधीच नको. होळीच्या आसपास पाला कडक वाळलेला असतो, एक जळती विडी पुरते. त्या आठवड्यात पिंजरे नीट ओले ठेवा आणि पाण्याची भरलेली बादली जवळ असू द्या.

सापाची भीती खोटी नाही, म्हणून हातानं पाला उचलू नका. लांब दांड्याचा पंजा वापरा, पायात गमबूट. पावसात तर गमबूट हवेतच, उंदरांच्या मुतानं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो आणि पायाला बारीक जखम असली तरी पुरते. साप दिसलाच तर मारू नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

पाळ्या लावताना रोज सगळ्यांनी यायचं असं ठरवू नका, पंधरा दिवसांत उत्साह ओसरतो. रोज दोघं, वीस मिनिटं. रविवारी उलथायला सहा जण. कट्ट्यावरच्या आजी-आजोबांना गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिक वेचून वेगळं करण्याचं बसल्या जागेचं काम द्या. पहिला चाळलेला ढीग निघाला की मूठभर खत प्रत्येकाच्या हातात ठेवा, मातीचा तो वास घेतलेला माणूस पुढच्या वर्षी आपणहून येतो. शंका घेणाऱ्यांना एकदा धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात न्या. जुन्या कचराभूमीवर ३७ एकरांत उभं राहिलेलं जंगल आहे ते, १९९४ साली लोकांसाठी खुलं झालं. तिथे पाला झाडांखाली राहिला की जमीन कशी होते ते पायाखालीच कळतं.

मुळाक्षर

पेव्हर ब्लॉकबद्दल. स्वतः काढू नका, उद्यान खात्याच्या माणसाच्या देखरेखीखाली काढून घ्या. त्याच अर्जात मागणी घाला: बुंध्याभोवती चारही बाजूंनी निदान एक मीटर मोकळी माती. काम छिन्नी-हातोड्यानंच व्हायला हवं. ब्रेकर लावला तर ब्लॉकबरोबर मुळंही फाटतात. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड फुटात असतात.

ब्लॉक निघाल्यावर लोक हौसेनं माती खणतात आणि बुंध्याभोवती भर घालतात. दोन्ही चुकीचं. वरची दोन-तीन इंच माती हातकुदळीनं हलकी करा, दोन इंच पत्तीखत पसरा, वर तीन इंच सुका पाला. बुंध्यापासून सहा इंच जागा मात्र उघडी ठेवा. सालीला ओल लागून राहिली की साल कुजते आणि बुरशी आत शिरते.

मुंबईत जून-जुलैमध्ये झाडं पडतात ती नुसत्या वाऱ्यानं नाही. एप्रिल-मेमध्ये केबल किंवा पाइपसाठी एका बाजूनं चर खणला जातो, मुळं तुटतात. दुसऱ्या बाजूला काँक्रीट. वर फांद्या एकाच अंगानं छाटलेल्या, म्हणजे तोल गेलेला. मग जमीन भिजून मऊ झाली की पहिला सोसाट्याचा वारा पुरतो. म्हणून मोठ्या सरींनंतर बागेत फेरी मारताना तीन गोष्टी बघा: बुंध्याभोवती जमिनीला पडलेली भेग, आधी नसलेला कल, बुडाशी उगवलेल्या भूछत्र्या. यातलं काहीही दिसलं तर त्या बाजूचा बाक रिकामा करा आणि पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवा. फांदी आपण तोडायची नाही. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं त्याला परवानगी लागते, झाड आपल्या सोसायटीचं असलं तरी.

तुमच्याकडे अकरा रेन ट्री आहेत, तेव्हा शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसतो का ते महिन्यातून एकदा नीट बघा. तो पिठ्या ढेकूण. मुंबईतले कितीतरी जुने रेन ट्री त्यानं वाळून गेले. खोडावर मुंग्यांची अखंड रांग वर जाताना दिसली तर संशय घ्या, कारण त्या त्याच्या गोड स्रावासाठी जातात. अशा झाडाखालचा पाला खतात घालू नका आणि दुसऱ्या झाडाखाली नेऊ नका, खात्याला कळवा.

नवीन झाड लावायला जागा असेल तर ताम्हण किंवा बकुळ. ताम्हण आपलं राज्यफूल, लहान बागेत मावतं आणि उन्हाळ्यात जांभळं होऊन जातं. खड्डा तीन बाय तीन बाय तीन फूट. शहरात खाली बहुधा राबिट (बांधकामाचा राडारोडा) लागतं, ते सगळं काढा. दोन भाग माती, एक भाग तुमचं पत्तीखत. कुंपणाशी कढीपत्ता आणि लिंबू लावलंत तर फुलपाखरं अंडी घालायला येतील, आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत लिंबाच्या कुळावरच वाढतं. अळ्या पानं खाणारच, तेव्हा फवारणी नको.

कट्टेकर

मनापासून आभार. अर्जाचा मसुदा आज रात्रीच करतो, माळीदादांशी उद्या सकाळी बोलतो. एकच शंका राहिली. बदामाची आणि वडाची पानं जाड आणि चिवट असतात. ती त्याच पिंजऱ्यात घालायची का?

पत्तीखत

वेगळा पिंजरा करा, नाहीतर बाकीचं खत तयार झालं तरी ती अख्खीच राहतात आणि चाळताना सगळा वेळ त्यांच्यात जातो. आख्खी टाकली तर थाळ्यांसारखी एकावर एक चिकटतात आणि पाणी आत उतरतच नाही. आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग पोत्यात भरून पोत्याचं तोंड बांधा आणि वरून काठीनं बडवा, चुरा होतो. चुरा रात्रभर शेणकाल्यात भिजवून मग भरा. तरी पाच-सहा महिने धरून चाला. फेब्रुवारीत भरलंत तर ऐन पावसात तयार होईल, म्हणून हा पिंजरा पागोळ्यांपासून दूर आणि थोड्या उंच जागी ठेवा.