भट्टीचा कडक पाव आणि हॉटेलातली उसळ : घरी कितपत जमतं?

मांडवी_जेटी :

सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या पट्ट्यात लाकडाच्या भट्टीच्या बेकऱ्या आता शोधाव्या लागतात. डिझेलच्या किंवा विजेच्या ओव्हनमधला पाव फुगतो छान, पण उसळीत बुडवला की बोटात नुसता लगदा उरतो. भट्टीच्या कडक पावाला वर कडकडीत साल, आत चिवटपणा, आणि बुडवला तरी घासाचा घास शाबूत. तोच पाव आणि जुन्या हॉटेलांतली पातळ उसळ घरी करायची आहे. घरी २८ लिटरचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे. अडचणी अशा :

अर्धा किलो मैद्याला अर्धा कप दूध, दोन चमचे साखर आणि लोणी घालून २०० अंशांवर १५ मिनिटं भाजलं तर रंग सुरेख येतो, पण तासाभरात साल चामट होते. पूर्वी पिठात माडी (नारळाच्या झाडाची ताडी) घालत, ती आजही चालेल का? आणि उसळ पातळ असूनही पाणी आणि वाटाणे वेगळे पडत नाहीत, ते कशामुळे?

घुमट_भट्टी :

पावाचं उत्तर तुमच्या कृतीतच आहे. दूध, साखर, लोणी हे लादीपावाचं सामान. दूध-साखरेने रंग लवकर धरतो, म्हणून आपण पाव लवकर बाहेर काढतो. आत पाणी शिल्लक राहतं, आणि पाव निवताना तेच सालीत उतरून तिला चामट करतं. कडक पावात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट, बस्स. साखर घालायचीच तर चमचाभर, त्याहून जास्त नको.

५०० ग्रॅम मैदा, ३०५ मिली पाणी, १० ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम कोरडं यीस्ट. मैद्याच्या पुडीवर १०० ग्रॅममागे प्रोटीन किती ते बघा. ११ ग्रॅम किंवा वर असेल तर उत्तम. ९ असेल तर पाणी २८५ मिलीवर आणा, नाहीतर गोळे आडवे पसरतात. हाताने १५ मिनिटं मळा. पिठाचा तुकडा दोन्ही हातांनी ताणल्यावर न फाटता पातळ पडदा झाला पाहिजे. आपल्याकडच्या हवेत पहिला फुगवटा तासाभरात येतो, मे महिन्यात ४० मिनिटांतही. घड्याळ बघू नका, पीठ दुप्पट झालं की उचला. ६० ग्रॅमचे गोळे केले तर साधारण १३ होतात. तुमच्या ओटीजीत एका वेळी ६-७ मावतील. बाकीचे फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर दुसऱ्या घाण्यापर्यंत ते जास्त फुगून बसतात.

आता भट्टीकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. घुमटात लाकूड पेटवलं की आधी आतल्या विटा काजळीने काळ्या होतात. ती काजळी जळून विटा पांढरट दिसू लागल्या म्हणजे भट्टी तापली. मग निखारे ओढून काढायचे, काठीला बांधलेल्या ओल्या गोणपाटाने तळ पुसायचा आणि तोंड बंद करून दहा-पंधरा मिनिटं उष्णता सगळीकडे सारखी होऊ द्यायची. तळावर चिमूटभर मैदा टाकायचा. लगेच काळा पडला तर अजून थांबायचं, दहा-पंधरा सेकंदांत बदामी झाला तर पाव आत. शंभर-दीडशे गोळे एकदम आत गेले की त्यांच्याच अंगच्या पाण्याची वाफ बंद घुमटात कोंडते. पहिली काही मिनिटं साल ओली आणि लवचीक राहून पाव पुरता फुलतो, नंतर वाफ ओसरल्यावर कोरड्या आचेवर साल कडक होते. सहा पावांची वाफ ती किती, आणि ओटीजीच्या फटींतून तीही निसटते.

त्यासाठी बिडाचा जाड तवा आत ठेवून ओटीजी २४० अंशांवर (बटण २३० वर संपत असेल तर तिथे) पाऊण तास तापवा. गोळे तव्यावर ठेवून वर अल्युमिनियमचं पातेलं उपडं घाला. दहा मिनिटांनी पातेलं काढा, आच २१० करा, आणखी १२ मिनिटं. शेवटची ५ मिनिटं दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवून ठेवा, म्हणजे वाफ बाहेर जाईल. बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे. निववायला जाळी हवी. ताटात ठेवलात तर बूड ओलं होतं. वाफेसाठी आत पाणी शिंपडू नका, तापल्या काचेवर थेंब पडला तर काच तडकते.

तव्याऐवजी चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) तुकडा ठेवायचं काहींच्या डोक्यात येतं. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारा. एकदम तापला की फुटतो. भट्टीच्या बाहेरच्या भिंतीला चिरे ठीक, आचेजवळ भाजलेली वीटच.

पावसाळ्यात मात्र काही करा, साल दोन तासांत नरमणार. १८० अंशांवर पाच मिनिटं परत गरम करायचा. प्लास्टिकच्या पिशवीत भरलेला कडक पाव हा कडक राहत नाही, मग बेकरी कुठलीही असो.

माडाखाली :

माडी चालते, पण कुठली, हे महत्त्वाचं. सकाळी उतरवलेली माडी आधी गोड असते आणि तासागणिक आंबत जाते. तिला बारीक फेस येऊन हलका आंबूस वास येतो ती वेळ पिठासाठी योग्य. संध्याकाळपर्यंत आंबट झालेली नको : आम्लाने पिठाची ताण धरायची ताकद जाते आणि पाव बसका होतो. ती पुढे शिरक्याच्या (व्हिनेगरच्या) कामाची. नीरा तर मुळीच नको. नीरा आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, त्यामुळे पीठ फुगवायला लागणारं किण्वच तिच्यात वाढत नाही.

प्रमाण : १५० ग्रॅम मैदा आणि २०० मिली माडी कालवून ३-४ तास झाकून ठेवायचं. वर भरपूर बुडबुडे आले की उरलेला ३५० ग्रॅम मैदा, १० ग्रॅम मीठ आणि लागेल तसं १०० मिलीपर्यंत पाणी घालून मळायचं. पुढचा फुगवटा तीन तासांहून कमी वेळात येत नाही. घाई केली तर पाव आत दगड.

माडी खात्रीच्या, परवानाधारक ठिकाणचीच घ्या. भेसळीची भीती असेल तर नाद सोडा आणि १५० ग्रॅम मैदा, १५० मिली पाणी, यीस्टचे मोजके आठ-दहा दाणे रात्री कालवून ठेवा. सकाळी ३५० ग्रॅम मैदा, १५५ मिली पाणी, मीठ आणि दीड ग्रॅम यीस्ट घालून मळा. माडीचा वास येणार नाही, पण चव बरीच जवळ जाते. जुन्या पावाच्या चवीत माडीपेक्षा या लांबलेल्या वेळेचा हात मोठा होता, असं माझं मत आहे.

मांडवी_जेटी :

दूध-साखर बंद. पण जुन्या बेकऱ्या पिठात कसलीतरी पावडर घालत, त्याशिवाय पाव उचलत नाही असंही ऐकतो. ती मिळते का?

घुमट_भट्टी :

ती बहुधा पोटॅशियम ब्रोमेट. २०१६ साली एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) त्यावर बंदी घातली, आणि ते योग्यच झालं. सगळ्याच बेकऱ्या घालत होत्या असंही नाही. मैदा फारच कमजोर असेल तर ५०० मिलिग्रॅमची क जीवनसत्त्वाची साधी गोळी कुटून तिचा विसावा भाग पिठात घाला, अर्ध्या किलोला तेवढं पुरतं. रंगीत, संत्र्याच्या चवीची गोळी नको.

काळा_वाटाणा :

उसळीकडे कोणीच वळेना म्हणून मी लिहितो.

पाणी वेगळं पडतं कारण वाटाणे कुकरमध्ये शिजवून वरून रस्सा ओतला जातो. हॉटेलात ती मोठ्या टोपात तासन् तास मंद आचेवर असते, चौथाई वाटाणे त्यातच विरघळतात आणि रस्सा बांधला जातो. घरी २५० ग्रॅम पांढरे वाटाणे ८ तास भिजवा, पाव चमचा सोडा घालून कुकरला दोन शिट्ट्या काढा, मग त्यातले पळीभर घोटून परत त्यातच घाला. सोड्याचं प्रमाण वाढवलंत तर साबणासारखी चव येते. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर वाटाणे शिजायला हटून बसतात, तिथे सोडा लागतोच. वाटाणे जुने असतील तर मात्र कशानेच शिजत नाहीत, दुकान बदला.

वाटप : दोन कांदे उभे चिरून तेलावर तांबूस, अर्धी वाटी सुकं खोबरं कोरडं भाजून, पाच-सहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, चमचाभर धणे, पाव चमचा बडीशेप. गंधासारखं बारीक वाटा. भरड राहिलं की रस्सा फाटल्यासारखा दिसतो. ओलं खोबरं नको : सकाळी केलेली उसळ दुपारी आंबते, म्हणून दिवसभर विकणारे सुक्या खोबऱ्यावर जात.

चार मोठे चमचे तेल तापवून गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबून हळद आणि दोन चमचे मालवणी मसाला घाला. गरम तेलात लाल रंग उतरतो आणि मसाला जळत नाही. जळला की रस्सा तपकिरी आणि कडवट. मग वाटप घालून तेल सुटेपर्यंत परता, त्यात वाटाणे, एक बटाटा फोडी करून, दीड लिटर गरम पाणी. आमसुलं तीन-चार, पण बटाटा शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की बटाटाही दडदडीत राहतो. मंद आचेवर निदान २५ मिनिटं.

काही ठिकाणी यातच सुकी बटाटाभाजी एक डाव घालून वर शेव देतात. गोव्याकडे पातळ भाजी आणि सुकी भाजी एकत्र मागितली की मिक्स, ती हीच जातकुळी.

सुरंगी :

उसळीत तिरफळा घालू नकात हां, काय काय जण घालतत. ती बांगड्याक.

उसळीवांगडा सोडो पिवचो आसात तर : आगळ आणि अमृत कोकम एक न्हय. आगळ खारट, अमृत कोकम गोड. गिलासात दोन मोठे चमचे अमृत कोकम, चिमूटभर जिऱ्याची पूड, मगे वरसून सोडो ओता. आधी सोडो आणि मगे मीठ घातलास तर सगळो फेस टेबलार.

घुमट_भट्टी :

सुरंगीताई, सोड्याच्या गोटीवाल्या बाटलीचं राहिलंच. ती बाटली १८७२ च्या सुमाराची, हायरम कॉड या इंग्रज माणसाची. गॅसचा दाब गोटीला तोंडाच्या रबरी कड्यावर दाबून धरतो, बुचाची गरजच नाही. ओतताना मानेतल्या दोन खाचांची बाजू खाली धरायची, म्हणजे गोटी तिथे अडकते. उलट धरली तर ती तोंडाशी येऊन बसते आणि ग्लासात थेंब पडत नाही. ते रबर कडक झालं की गॅस गळतो, आणि तसली रबरं मिळेनाशी झाली की बाटल्या माळ्यावर जातात.

माडाखाली :

चहाबरोबरच्या जिरा बटरबद्दल (लोणी नव्हे, कडक वाळवलेले छोटे गोळे) कोणी विचारलं नाही, तरी देतो. भट्टीचा हिशेब उतरत्या आचेचा असे : आधी कडक पाव, मग लादी, मग नानखटाई, आणि रात्रभर राहिलेल्या उबेत टोस्ट-बटर वाळायचे. लाकडाचा शेवटचा पैसाही वसूल.

५०० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम वनस्पती तूप, १० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम साखर, ४ ग्रॅम यीस्ट, १० ग्रॅम जिरं, २४० मिली पाणी. २० ग्रॅमचे गोळे, २०० अंशांवर १८ मिनिटं. निवले की ११० अंशांवर दीड-दोन तास, दर अर्ध्या तासाने उलटायचे. एक मोडून बघा. मध्यभागी मऊ लागलं तर अजून अर्धा तास, कारण तसेच डब्यात भरले तर चार दिवसांत बुरशी धरते. डबा पत्र्याचा, घट्ट झाकणाचा.