मदत हवी आहे: उद्देशिका आठवीच्या मुलांना कशी समजवावी?

नमस्कार मंडळी,

२६ नोव्हेंबरला आमच्या वाचनालयात मुलांसाठी संविधानावर तासभर बोलायचं आहे. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली उद्देशिका सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण परवा एका मुलीने विचारलं, "काका, खाली तारीख १९४९ची आहे, मग 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द १९७६ला आले असं का सांगतात?" फार सुंदर प्रश्न! ४२व्या घटनादुरुस्तीने हे दोन शब्द आणि 'एकात्मता' आली, तारीख मात्र संविधान स्वीकारल्याचीच राहिली, एवढं मी सांगितलं.

खरी अडचण पुढे आहे. उद्देशिकेतल्या एखाद्या शब्दाच्या आधारे थेट कोर्टात हक्क मागता येत नाही. १९६०च्या बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती संविधानाचा भाग नाही असं म्हटलं आणि १९७३ला केशवानंद भारती खटल्यात भाग आहे असं ठरवलं. मग तिचा उपयोग काय? कलमांचा अर्थ लावताना ती दिशा देते, हे वाक्य मुलांच्या डोक्यावरून जातं.

न्यायालयाने उद्देशिकेचा आधार घेऊन एखाद्या कलमाचा अर्थ लावला, असा सोप्या गोष्टीसारखा सांगता येईल असा निकाल कोणी सुचवाल का? 'बंधुता'वर असेल तर उत्तमच, कारण समता आणि स्वातंत्र्याची उदाहरणं मुलं स्वतःच देतात, इथे मात्र अडतात.

आणि 'स्वतःप्रत अर्पण' म्हणजे नेमकं काय, हे तुम्ही मुलांना कोणत्या शब्दांत सांगता? वकील आणि नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी जरूर लिहा.