ओव्हर देताना गाळलेली ओळ : वॉर्डातला छळ आणि वर कुणी ऐकत नाही तेव्हा

मध्यरात्र
काल एका नव्या सिस्टरचा प्रश्न वाचनात आला. "ओव्हरला मला अर्धंच सांगतात. इन्चार्जना सांगितलं तर म्हणाल्या, तुम्ही आपसात मिटवा." या दोन वाक्यांनी जुना ड्युटी बोर्ड डोळ्यांपुढे उभा राहिला. (ओव्हर म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सोपवणं, इन्चार्ज म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर.) ती कहाणी राहू दे. कुणी कुणाला किती रडवलं ते आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. तिच्या उपयोगी पडेल असं लिहा: काय नोंदवायचं, तोंडावर काय बोलायचं, वर दाद लागली नाही तर पुढे काय, आणि पाय कुठे घसरतो.

सुरुवात मी करते. छळ म्हणजे आरडाओरडाच असं नाही. आपल्याकडे तो बहुतेक वेळा कामाच्या आत लपलेला असतो. ओव्हर देताना गाळलेली एक ओळ, सलग लागलेल्या नाईट, सगळे जड पेशंट एकीच्याच वाट्याला, पेशंटला कूस बदलायला दुसरे हात न मिळणं. प्रत्येकाला सबब तयार असते, म्हणून एकच घटना वर नेली की ती क्षुल्लक ठरते. सहा आठवड्यांच्या घटना एकाखाली एक लिहिल्या की मग त्यातली पद्धत दिसते.

तर आधी वही. शिवलेली, सुटे कागद नकोत. पानांना आधीच आकडे घाला. नोंद त्याच दिवशी, फार तर २४ तासांत: तारीख, वेळ, जागा, बोललेले शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं, पेशंटच्या कामावर काय परिणाम झाला, तुम्ही काय केलंत. खाडाखोड नाही. केस पेपरवर करतो तशीच एक रेघ आणि सही.

आयसीयूवाली
वही घरी ठेवा, लॉकरमध्ये नको. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर तर नकोच, नोकरी सुटली की लॉगिन बंद होतं आणि सगळं आतच राहतं.

आणि पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक, केस पेपरचा फोटो यातलं काहीही वहीत नको. मग चौकशी छळाची राहत नाही, गोपनीयता मोडल्याची होते, आणि ती तुमच्यावर. "सकाळपाळी, इन्सुलिन चालू असलेले एक आजोबा" एवढं पुरे.

गुलबक्षी
फोटोबद्दल +१. ड्युटी लिस्टचाही काढू नका, त्यात बाकीच्यांची नावं असतात. हाताने उतरवा.

तिसरी_पाळी
लिस्टवरून आठवलं. १२ आठवड्यांचं मोजा. आपल्याच हुद्द्याच्या सगळ्यांच्या नाईट किती, सुट्टीच्या दिवशीच्या ड्युट्या किती, ऑफ मागितले किती आणि मिळाले किती. लिस्ट लागली त्या दिवशीची उतरवा आणि महिना संपल्यावरची पण, कारण फिरवाफिरवी मधल्या बदलांत होते. गरोदर असलेल्या किंवा वैद्यकीय कारणाने नाईट माफ असलेल्या जणींना मोजणीतून आधीच बाहेर काढा. तसं नाही केलं तर पहिल्याच बैठकीत "त्यांचं कारण वेगळं आहे" म्हणतील आणि सगळा तक्ता बाजूला सारतील.

गुलबक्षी
बॉलपेन वापरा हं. जेल पेनची शाई ओला हात लागला की पसरू शकते.

इन्फ्युजन_पंप
दुसऱ्या तपासणीबद्दल (औषध देण्याआधी दुसऱ्या सिस्टरने ते आणि डोस ताडून बघणं) कुणीतरी सविस्तर लिहायलाच हवं, कारण इथे छळ थेट पेशंटपर्यंत पोचतो. इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम क्लोराईड यांसारख्या औषधांना जिथे दोन जणींची सही लागते, तिथे एकीने टाळाटाळ केली की दुसरीसमोर दोनच रस्ते उरतात. डोस उशिरा द्या, नाहीतर एकटीने द्या. एकटीने देऊ नका, कधीच. चूक झाली तर सही तुमची, आणि टाळणारीचं नाव कुठेच नसतं.

हे करा. औषध काढायच्या आधीच, चारचौघांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात मागा: "इन्सुलिनची दुसरी तपासणी हवी आहे, आठ वाजता द्यायचंय." नकार आला तर लगेच दुसऱ्या एकीला नाव घेऊन विचारा. नुसतं "कुणी येतं का" म्हटलं तर कुणीच येत नाही. तिथेही नाही जमलं तर शिफ्टच्या इन्चार्जना, आणि उशीर होणार असेल तर डॉक्टरांना कळवा. केस पेपरवर फक्त घडलेलं लिहा: "डोस ८:०० ऐवजी ८:२५ ला दिला, दुसरी तपासणी ८:२० ला झाली, डॉक्टरांना ८:१० ला कळवले." कुणी मुद्दाम केलं, का केलं, यातलं काही केस पेपरवर येता कामा नये. पेशंटचा कागद हा तक्रारीचा कागद नाही.

इन्सिडंट रिपोर्ट (काही चुकलं किंवा राहिलं तर हॉस्पिटलला द्यायचा अहवाल) वेगळा भरायचा, आणि तो भरल्याचा उल्लेखही केस पेपरवर करायचा नाही. रिपोर्टमध्ये विशेषणं शून्य. "उद्धटपणे नकार दिला" लिहिलं की वाद उद्धटपणावर जातो. "७:५० आणि ८:०५ ला विचारले, दोन्ही वेळा उत्तर: आत्ता नाही" असं लिहिलं की वाद घालायला काही उरत नाही.

मध्यरात्र
हे जपून ठेवण्यासारखं आहे. "उद्धटपणे" हा शब्दच किती तक्रारींचं वाटोळं करतो.

जुनी_इन्चार्ज
थोडी दुसरी बाजू मांडते, रागावू नका. प्रत्येक ओरडा छळ नसतो. सिनियरने हात धुतले नाहीस म्हणून सगळ्यांसमोर थांबवलं तर ते कडक असेल, पण बरोबर आहे. फरक ओळखायला मी तीन गोष्टी बघते. बोलणं कामाबद्दल आहे की माणसाबद्दल? तीच चूक दुसरीने केली असती तरी तेच ऐकावं लागलं असतं का? चुकलं ते सांगताना कसं सुधारायचं तेही सांगितलं का? तिन्हींची उत्तरं वाईट आली आणि प्रकार वारंवार होतोय, तर तो छळच.

आणि इन्चार्ज का गप्प बसतात तेही सांगते. छळणारी बहुतेक वेळा वॉर्डातली सगळ्यात हुशार हात असलेली असते. नस सापडत नसली की तिलाच बोलावतात, कुणी गैरहजर राहिलं की तीच डबल ड्युटी करते. तिला दुखावलं तर लिस्ट कोसळेल ही भीती असते. हे समर्थन नाही. पण वर जाताना हे माहीत असलं की कुठे बोट ठेवायचं ते कळतं: ती एक टिकावी म्हणून वर्षाला किती नव्या जणी वॉर्ड सोडतात, आणि प्रत्येक नवीला हाताखाली तयार करायला किती आठवडे जातात. हा हिशेब मेट्रनना, म्हणजे हॉस्पिटलच्या नर्सिंग प्रमुखांना, समजतो.

संदर्भ_विभाग
"वारंवार" म्हणजे किती, यासाठी. कामाच्या जागी होणाऱ्या छळाचे संशोधक हाइन्झ लेमान यांनी आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने असं धरलं होतं, आणि ४५ प्रकारच्या वागणुकींची यादी केली होती. संशोधनात आज २२ प्रश्नांची एक प्रश्नावली बरीच वापरतात, तीही मागच्या सहा महिन्यांबद्दलच विचारते. मोजमापासाठी ठीक. पण तक्रारीला सहा महिने थांबायची गरज नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार (२५ जून २०२१ पासून लागू) एकदाच घडलेली घटनाही धरतो. तो फक्त मान्यता दिलेल्या देशांवर बंधनकारक आहे, म्हणून आपापला देश आधी बघा.

मेट्रनपुढे ठेवायला आणखी एक. अमेरिकेत हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने जुलै २००८ मध्ये धमकावणारी वागणूक हा पेशंटच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे असा इशारा काढला होता. "दोघींचं पटत नाही" या उत्तराला याहून चांगलं उत्तर नाही.

सायली
तोंडावर काय बोलायचं ते कुणी सांगा ना. त्या क्षणी घशातून शब्दच फुटत नाही.

आयसीयूवाली
@सायली, सगळ्यांचंच होतं गं तसं. घाबरलेल्या डोक्याला नवं वाक्य जुळवता येत नाही, म्हणून वाक्य आधीच पाठ हवं. २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात नर्सिंग संशोधक मार्था ग्रिफिन यांनी नुकत्याच लागलेल्या २६ नर्सना अशी तयार उत्तरं छोट्या कार्डांवर दिली आणि सराव करून घेतला. कल्पना एवढीच: कार्ड ओळखपत्रामागे, आणि वाक्य मोठ्याने म्हणून बघितलेलं.

माझ्या पसंतीची:
डोळे फिरवले तर: "काही सांगायचं आहे का? मला थेट सांगा."
ओव्हर अर्धी दिली तर: "ड्रेन, शेवटचा लघवीचा हिशेब आणि राहिलेले रिपोर्ट एवढं सांगा, मी लिहून घेते."
सगळ्यांसमोर झापलं तर: "हे आपण बाजूला बोलू. आत्ता मी पेशंटकडे जाते."
पाठीमागे तिसरीबद्दल बोलत असतील तर: "ती इथे नाही, मला यात पडायचं नाही."

वाक्य एकच, मग गप्प. स्पष्टीकरण द्यायला लागलात की वाद सुरू. आणि आरशासमोर नको, मैत्रिणीबरोबर सराव करा. समोरून ओरडणारं कुणीतरी हवं.

सायली
ओव्हरचं वाक्य तर आजच लिहून घेते. थँक्यू ताई.

तिसरी_पाळी
ओव्हर शक्यतो बेडपाशी घ्या. पंपाचा रेट, सलाईनची बाटली, ड्रेन स्वतः बघत घेतलं की गाळायला जागाच कमी राहते.

ब्रदर_नाईट
बघणाऱ्यांनी काय करायचं? भांडणात पडायची गरज नसते. नुसतं जाऊन शेजारी उभं राहायचं, काही न बोलता. दोघं-तिघं उभे राहिले की आवाज आपोआप खाली येतो. ते जमत नसेल तर "सिस्टर, चार नंबरला जरा हात लावता का" म्हणून तिला तिथून बाहेर काढा. नंतर पाच मिनिटं तिच्याशी बोला, आणि आपल्या वहीत आपली वेगळी नोंद करा. त्याच दिवशी लिहिलेल्या साक्षीला वजन असतं. दोन महिन्यांनी "आठवतं तसं" सांगितलेली कुणी धरत नाही.

गुलबक्षी
रेकॉर्डिंग केलं तर? फोन खिशात चालू ठेवून?

आयसीयूवाली
नको. कायदा ठिकठिकाणी वेगळा, आणि वॉर्डात केलंत तर पेशंटचा आवाज त्यात येणारच. वकिलाने सांगितल्याशिवाय हात लावू नका.

जुनी_इन्चार्ज
आता मूळ प्रश्न, वर ऐकत नाहीत तो. तोंडी तक्रार म्हणजे न केलेली तक्रार. बोलणं झालं की त्याच दिवशी तीन ओळींचा मेल: "आज दुपारी ३ वाजता आपण बोललो. मी १२ आठवड्यांतल्या ९ घटना सांगितल्या. आपण अमुक तारखेपर्यंत बघते म्हणालात." तारीख नसेल मिळाली तर तुम्हीच सुचवा. ७ दिवसांनी आठवण, १४ दिवसांनी दुसरी, मग त्याच मेलच्या साखळीवर वरच्या अधिकाऱ्यांना. नवा मेल सुरू करू नका, साखळीच सगळं बोलते. पोच घ्या. संस्थेचं लेखी धोरण असेल तर त्याचा कलम क्रमांक घाला. पहिल्या ओळीत "छळ" शब्द नको, वागणूक लिहा. शब्द शेवटी येऊ दे, तोवर वाचणाऱ्याला तो पटलेला असतो. मागणीही एकच आणि करता येण्याजोगी: ओव्हर लेखी तक्त्यावर, किंवा ड्युटी वाटप दुसरीकडे.

पाच जणींनी मिळून तक्रार करायची असेल तर एकच मजकूर पाचदा सह्या करून देऊ नका, तो कट वाटतो. प्रत्येकीने आपापल्या दोन घटना आपल्या शब्दांत, एकाच दिवशी.

"समोरासमोर बसवतो, मिटवून टाका" म्हणाले तर एकटीने जाऊ नका. दोघी बरोबरीच्या असतील तर त्यातून काही निघतं. जिच्या हातात तुमची लिस्ट आहे तिच्यासमोर बसवून मिटत नाही, दबतं. आणि प्रकार लैंगिक स्वरूपाचा असेल तर यातलं काहीच नको, त्यासाठीची समिती थेट गाठा.

सायली
वही मराठीत लिहिली तर चालेल ना? इंग्रजीत मला ते शब्द सुचतच नाहीत.

संदर्भ_विभाग
मराठीतच लिहा. बोललेले शब्द ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत हवेत. गरज पडली तर भाषांतर नंतर होतं.

शेवंती
तब्येतीचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. ड्युटीच्या आदल्या रात्री झोप न लागणं, हॉस्पिटलच्या दारात छातीत धडधड, घरी पोचल्यावरही तेच वाक्य डोक्यात फिरत राहणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांना दाखवा, आणि कामाचं कारण कागदावर येऊ द्या. पुढे रजेला आणि बदलीला तो कागद लागतो. झोपेसाठी वॉर्डातल्या गोळ्यांना हात लावू नका बायांनो, कितीही सोपं वाटलं तरी. आणि जगूच नये असं मनात आलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, एकट्या राहू नका. ज्यांना औषधं माहीत आहेत आणि हाताशीही आहेत त्यांनी तर एक रात्रही थांबायचं नाही.

मध्यरात्र
शेवंती, बरं झालं लिहिलंस.

तिसरी_पाळी
सोडायचंच ठरलं तर राजीनाम्याआधी कागद गोळा करा. नेमणुकीचं पत्र, आधीचे मूल्यांकनाचे शेरे, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, शिल्लक रजेचा हिशेब. नंतर प्रत्येक कागदासाठी फेऱ्या मारायला लावतात. शिफारस दुसऱ्या वॉर्डच्या इन्चार्जकडून किंवा डॉक्टरांकडून आधीच मागून ठेवा. राजीनाम्यात भडास नको, दोन ओळी पुरे. तक्रारीचा कागद वेगळा चालू राहू शकतो.

सायली
शेवटचं विचारते. तो मेल नाईट उतरल्यावर लगेच पाठवू की झोपून उठल्यावर?

जुनी_इन्चार्ज
लिहून घे लगेच, पण पत्त्याची जागा रिकामी ठेव, म्हणजे चुकून जाणार नाही. झोपून उठलीस की विशेषणं काढ, वेळा वहीशी ताडून बघ, मग पाठव. आत्ता नाईटलाच आहेस का?

सायली
हो. साडेसहाला ओव्हर द्यायची आहे. बेडपाशीच देणार.